आईच्या केमोतले नॅनोकण शरीरात कायमचे राहतील का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: त्यांच्या ५८ वर्षांच्या आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे. पहिली केमो संपून पाच महिने होत नाहीत तोच आजार उलटला. आता डॉक्टरांनी ‘पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन’ हे औषध सुचवलं आहे आणि समजावताना ते म्हणाले, “हे नॅनो औषध आहे, थेट गाठीवर जातं.” ताईंना हायसं वाटलं. मोठ्या भावाने मात्र इंटरनेटवर बरंच वाचलं: नॅनोकण शरीरातून कधीच बाहेर पडत नाहीत, मेंदूत जातात, अ‍ॅस्बेस्टॉससारखे रुतून बसतात. त्याचा आग्रह आहे की जुनी, साधी केमोच द्यावी. आई घाबरेल म्हणून तिला फक्त ‘नवी केमो’ एवढंच सांगितलं आहे. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ती गेले काही महिने बाजारातलं ‘नॅनो सिल्व्हर’चं पाणी रोज दोन चमचे घेते, तेही भावानेच आणलेलं. पुढच्या आठवड्यात होकार किंवा नकार कळवायचा आहे. ताई विचारतात: हे नॅनोकण सुरक्षित आहेत का? नाही म्हणावं का?

ताई, आधी माझं मत सांगते. ‘नॅनो’ आहे एवढ्याच कारणाने हे औषध नाकारू नका. नकार द्यायची खरी कारणं असू शकतात, आईचं हृदय, लिव्हर, रक्ताचे आकडे, तिची स्वतःची इच्छा, आणि त्यांच्याकडे आपण येऊच. पण डॉक्टरांचं ‘थेट गाठीवर जातं’ हे वाक्यही जसंच्या तसं धरून चालू नका. तुमचा दिलासा आणि दादांची भीती, दोन्ही एकाच गृहीतकावर उभे आहेत: नॅनो म्हणजे एकच काहीतरी. ‘पांढरी पूड सुरक्षित असते का?’ असं कुणी विचारलं तर आपण आधी विचारतो, कुठली पूड? इथेही तेच आहे. नॅनो हे फक्त माप झालं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या मापात चरबीचे कण येतात, सोनं येतं, लोह येतं, कार्बनच्या नळ्या येतात. शरीरात गेल्यावर त्यांचं काय होतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून कुठल्याही नॅनो औषधाबद्दल पहिला प्रश्न हा विचारायचा: कण कशाचा बनलेला आहे, आणि त्याचं काम झालं की तो विरघळतो की तसाच राहतो?

आईच्या औषधाचा कण साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा असतो. त्याची भिंत तीन गोष्टींची: सोयाबीनपासून काढून प्रक्रिया केलेलं लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, जोडलेलं एक स्निग्ध द्रव्य. भिंतीच्या आत डॉक्सोरुबिसिन भरलेलं असतं. हे औषध अनेक दशकं वापरात असलेलं लाल रंगाचं केमो आहे, ‘जुनी केमो’ म्हणतात त्यातलंच. म्हणजे इथे नवं काय आहे तर वेष्टण. या वेष्टणाला एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९९५ साली मान्यता दिली. मान्यता मिळालेल्या पहिल्या नॅनो औषधांत त्याची गणना होते. आता हे प्रयोगावस्थेतलं औषध राहिलेलं नाही. त्याचे दोष काय आहेत, ते किती जणांना होतात आणि कधी होतात, हे बऱ्यापैकी माहीत आहे.

आता ते जातं कुठे. मूत्रपिंडाची गाळणी फार बारीक असते. कडक कण वापरून २००७ साली झालेल्या प्रयोगांत साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कणच लघवीवाटे लवकर बाहेर पडताना दिसले. आईच्या औषधाचा कण त्याहून पंधरापट मोठा, त्यामुळे तो अख्खा तिथून जाणार नाही. तो रक्तात फिरत राहतो आणि हळूहळू लिव्हरमधल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. बाहेरून आलेले कण वेचणं हे या पेशींचं रोजचं काम आहे. गिळल्यावर चरबी आणि कोलेस्टेरॉल शरीरातल्या इतर चरबीसारखंच मोडलं जातं. पेगची साखळी इतकी लहान असते की ती मूत्रपिंडातून निघू शकते. डॉक्सोरुबिसिनवर लिव्हर प्रक्रिया करतं आणि ते मुख्यतः पित्तावाटे बाहेर टाकतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ५५ तास लागतात. म्हणजे काही आठवड्यांत हिशोब पुरा होतो. आईने विचारलं, ‘ते कण माझ्या अंगात राहतील का?’ तर या औषधापुरतं खरं उत्तर आहे: वेष्टण राहत नाही. औषधाने हृदयावर केलेला परिणाम मात्र साठत जातो, त्याबद्दल पुढे.

दादांची भीती मी मुळीच उडवून लावणार नाही, कारण ती इतिहासात एकदा भयंकर रीतीने खरी ठरली आहे. १९३० ते १९५० च्या दशकांत रक्तवाहिन्यांचे एक्स-रे स्पष्ट दिसावेत म्हणून थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य अनेक देशांत टोचलं जाई. ते म्हणजे थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. टोचल्यावर लगेच काही त्रास होत नसे, चित्रं उत्तम येत, त्यामुळे डॉक्टरांचा त्याच्यावर विश्वास होता. पण ते कण विरघळत नव्हते. आत्ता वर्णन केलेल्या त्याच भक्षक पेशींनी ते गिळले आणि लिव्हर, प्लीहा व अस्थिमज्जेत ते आयुष्यभर बसून राहिले. थोरियम किरणोत्सारी, त्याची अर्धायु, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १,४०० कोटी वर्षं. वीस-तीस वर्षांनी आणि त्याहूनही उशिरा या रुग्णांना लिव्हरचे कॅन्सर होऊ लागले. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा, एरवी फार दुर्मीळ असलेला कॅन्सरही होता. दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे हे घडलं: कण न विरघळणारा होता आणि त्याचं द्रव्य मुळातच घातक होतं. त्यांचं लहान असणं हे फक्त त्यांना लिव्हरपर्यंत नेणारं वाहन होतं. आज नियामक संस्था शरीरात साठणाऱ्या कणांकडे इतक्या संशयाने का पाहतात, याची मुळं अशाच अनुभवांत आहेत.

अ‍ॅस्बेस्टॉसची गोष्टही दादांनी कुठून वाचली असेल ते ओळखता येतं. २००८ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लांब, ताठ कार्बन नॅनोनळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्यावर तिथल्या आवरणाला अ‍ॅस्बेस्टॉससारखीच सूज आली. भक्षक पेशीला तो लांब तंतू पुरता गिळताच येत नाही, म्हणून ती दाह करत राहते. त्याच प्रयोगांत आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. आईच्या औषधात कार्बन नाही, ताठ तंतू नाही, फुप्फुसात ओढली जाणारी धूळ नाही. ते संशोधन बरोबर आहे, ते वेगळ्या वस्तूबद्दल आहे इतकंच. आणि मेंदूचं म्हणाल तर निरोगी मेंदूभोवतीचा रक्ताचा अडसर ओलांडून १०० नॅनोमीटरचा चरबीचा कण सहजी आत शिरत नाही. मेंदूपर्यंत औषध पोचवू पाहणाऱ्या संशोधकांची हीच तर मोठी अडचण आहे.

आता तुमच्या बाजूचं गृहीतक. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, फटी असलेल्या असतात. त्या फटींतून हे कण झिरपतात आणि तिथे साचतात, असा या औषधामागचा विचार आहे, आणि तो चुकीचा नाही. पण किती? प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ साली घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्या भागाची मध्यिका, म्हणजे सगळ्या आकड्यांतला मधला आकडा, ०.७ टक्के निघाली. शंभरातला एकही धड नाही. माणसांत हा झिरपा गाठीगाठीत आणि रुग्णागणिक बदलतो. मग या औषधाचा फायदा काय? मुख्यतः हा की कण धडधाकट हृदयाच्या स्नायूत सहज झिरपत नाही, त्यामुळे साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला होणारी इजा कमी. केस जाण्याचं प्रमाणही बरंच कमी. वेष्टणामुळे औषध कुठे कमी जातं, हे लक्षात घेतलं की त्याचं मोल नीट कळतं.

पण कुठे तरी ते जास्तही जातं, ते म्हणजे त्वचेत, विशेषतः तळहात आणि तळपाय. जिथे दाब, घर्षण आणि उष्णता असते तिथल्या केशवाहिन्यांतून कण बाहेर पडतात, घामाबरोबरही औषध त्वचेवर येतं. दर चार आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम या डोसवर अंडाशयाच्या कॅन्सरच्या निम्म्या रुग्णांना हात-पायांचा हा त्रास झाला आणि जवळपास एक चतुर्थांश रुग्णांत तो तीव्र होता. म्हणूनच पुष्कळ कॅन्सरतज्ज्ञ एकट्या या औषधाची सुरुवात ४० मिलिग्रॅमने करतात, कार्बोप्लॅटिन या दुसऱ्या केमोबरोबर द्यायचं असेल तर ३० ने. आईचा डोस किती ठरवला आहे आणि का, हे जरूर विचारा. नॅनो की साधं, यापेक्षा ४० की ५० हा प्रश्न तिच्या रोजच्या जगण्यावर जास्त परिणाम करणार आहे.

हा त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या सायकलनंतर, म्हणजे केमोच्या फेरीनंतर, दिसतो, त्यामुळे पहिली सायकल सुखरूप गेली की घरचे निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. डोसनंतरचा आठवडा जपायचा: कोमट पाण्यानेच अंघोळ, गरम पाण्यात हातपाय बुडवायचे नाहीत, भांडी घासणं-पिळणं-कुटणं बंद, सैल चपला-बूट, घट्ट इलॅस्टिकचे कपडे नकोत, लांब चालणं नको, अंगाला जोरात मालिश तर नकोच. साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने लावायचं, रगडायचं नाही. ड्रिप चालू असताना हातपाय गार ठेवण्याची सोय असेल तर मागून घ्या. ब्रेसियरच्या पट्ट्याखाली, कमरेच्या नाडीखाली, काखेतही लाली येऊ शकते, रोज बघा. मुंग्या येणं, हलकी लाली इथवर असेल तर कळवायचं आणि पुढच्या डोसआधी दाखवायचं. दुखू लागलं, चमचा धरताना किंवा चालताना त्रास व्हायला लागला की पुढचा डोस दोन आठवड्यांपर्यंत लांबवतात. फोड आले किंवा कातडी निघाली तर लांबवतातच, शिवाय डोस चतुर्थांशाने कमी करतात. डोस लांबला म्हणजे उपचार फसले असं समजून आईने वेदना लपवू नयेत. पुष्कळ बायका लपवतात, आणि नाइलाजाने औषधच बंद करावं लागतं.

जपायची दुसरी जागा पहिल्या ड्रिपची. हे कण रक्तात गेल्या गेल्या शरीराची एक आदिम संरक्षक यंत्रणा, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं, काही जणांत एकदम जागी होते. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. नेहमीच्या अ‍ॅलर्जीला पूर्वी एकदा संपर्क आलेला असावा लागतो, ही प्रतिक्रिया पहिल्याच वेळी, पहिल्या काही मिनिटांत येऊ शकते. या औषधाच्या नोंदींत घट्ट गाठींच्या कॅन्सरच्या सुमारे ११ टक्के रुग्णांना ती आली: चेहरा लाल होणं, श्वास लागणं, छाती किंवा घसा आवळल्यासारखा वाटणं, पाठ एकदम भरून येणं, थंडी वाजणं, रक्तदाब उतरणं. बहुतेकांत ड्रिप थांबवली किंवा हळू केली की ती ओसरते, पण क्वचित जिवावरही बेतलेली आहे. म्हणून सुरुवातीचा वेग मिनिटाला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ठेवत नाहीत. आईचा डोस समजा ८० मिलिग्रॅम असेल, तर त्या वेगाने ८० मिनिटं लागतील. ‘लवकर आटपा’ म्हणून आपणच घाई करायची नाही. एकदा प्रतिक्रिया येऊन गेली असेल तर पुढच्या वेळी आणखी सावकाश देता येतं: पहिल्या १५ मिनिटांत एकूण डोसचे फक्त ५ टक्के, म्हणजे ८० पैकी ४ मिलिग्रॅम, मग पुढची १५ मिनिटं दुप्पट वेग, आणि सोसलं तर उरलेलं तासाभरात.

आणि इथेच, ताई, मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आईला न सांगणं हे तिच्यावरच्या मायेपोटी आहे हे कळतं. पण त्या पहिल्या पंधरा मिनिटांत पाठ भरून आली, घसा आवळला हे सगळ्यात आधी कुणाला कळणार? मॉनिटरच्याही आधी, सिस्टरच्याही आधी आईला. तिला माहीत असेल तर ती लगेच हात वर करेल. माहीत नसेल तर ‘असेल काहीतरी, उगाच कशाला त्रास द्या’ म्हणून गप्प बसेल. तेव्हा तिला सांगा. घाबरवणारं काही नाही: जुनंच लाल औषध चरबीच्या वेष्टणात घातलं आहे, वेष्टण मोडून जातं, पहिल्या तासात असं असं झालं तर लगेच सांगायचं, हातापायांची काळजी घ्यायची, एक-दोन दिवस लघवी लालसर-नारिंगी झाली तर ते रक्त नसून औषधाचा रंग आहे. निर्णय तिच्या देहाबद्दलचा आहे, होकार तिचाच हवा.

डॉक्टरांना कुठल्या जुन्या गोष्टी सांगायच्या? पेगची प्रतिक्रिया. पेग अनेक रेचकांत असतं, आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायला देतात त्यातही असतं. असं काही घेतल्यावर आईला कधी अंगभर गांध्या उठल्या किंवा श्वास लागला असेल तर ते पहिल्या ड्रिपआधी सांगायलाच हवं. सोयाची तीव्र अ‍ॅलर्जी असल्यास तीही. पूर्वी दुसऱ्या कॅन्सरसाठी लाल केमो झाली असेल तर तिचे एकूण मिलिग्रॅम जुन्या कागदांतून शोधून न्या, कारण हृदयाच्या खात्यावर तेही जमा धरतात. वेष्टण असलं तरी एकूण डोस दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या घरात गेल्यावर हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढतं. सुरू करण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवाच, अधूनमधून पुन्हाही. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ मोजण्याचा आकडा, दर डेसिलिटरला १.२ मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर डोस कमी करावा लागतो, कारण औषध पित्तावाटे निघतं आणि वाट तुंबली की ते साचतं. पांढऱ्या पेशी दर सायकलआधी तपासतात. मधल्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला तर रात्र असली तरी फोन करायचा, घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. वर्षाहून अधिक काळ औषध चाललं तर तोंडाची तपासणी नियमित करून घ्या. दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांत तोंडाचे कॅन्सर आढळल्याची नोंद आहे. भरून न येणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर दाखवायचा.

आता त्या चांदीच्या पाण्याबद्दल. ते आजपासून बंद करा. घरात ज्या नॅनोकणांची काळजी वाटायला हवी, ते रुग्णालयातल्या औषधात नाहीत, या बाटलीत आहेत. चांदीची मलमपट्टी जखमेवर जंतू मारायला उपयोगी पडते, ते बाहेरून आणि मर्यादित काळासाठी. पोटात घेतलेली चांदी शरीराला कशासाठीही लागत नाही. ती त्वचेत आणि इंद्रियांत साठते आणि फार दिवस घेतल्यास त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते, हा रंग नंतर जात नाही. एफडीएने १९९९ सालीच जाहीर केलं की सहज विकत मिळणारी चांदीची अशी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. कणांचा आकार काय, प्रमाण किती, बाटलीमागे बाटली तीच वस्तू आहे का, हे कुणी तपासलेलं नसतं. आधी लिहिलेल्या औषधाबाबत हे सगळं तपासलेलं असतं. आईने किती महिने आणि किती घेतलं, ते बाटलीसकट डॉक्टरांना दाखवा. दादांना दोष देऊ नका. आईसाठी काहीतरी करावं म्हणूनच त्यांनी ते आणलं. त्यांना पुढच्या भेटीला बरोबर न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

‘मग साधीच केमो का नको?’ हा दादांचा प्रश्न तिथे विचारण्यासारखा आहे, फक्त नीट मांडून. इतक्या लवकर उलटलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरला पर्याय साधारण असे असतात: दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, टोपोटेकन, जेमसिटाबिन, किंवा हे लायपोसोमल औषध, काही रुग्णांत सोबत गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध. पॅक्लिटॅक्सेलने केस जातात, हातापायांच्या नसा बधिर होतात. पहिल्या केमोत आईच्या बोटांना मुंग्या येऊन त्या अजून गेल्या नसतील तर ते तिला जड जाईल. टोपोटेकन रक्तपेशी जोरात खाली आणतं. लायपोसोमल औषध चार आठवड्यांतून एकदाच, केस बहुधा टिकतात, पण हातपाय आणि तोंड सोलवटतं. आईचं दिवसभराचं काम हातांचं असेल तर तेही तोलायला हवं. एक मात्र दादांना आवर्जून सांगा: वेष्टण नको म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅमचं साधं डॉक्सोरुबिसिन द्या, असा बदल करता येत नाही. दोघांचं शरीरातलं वागणं वेगळं, डोस वेगळे, आणि नावातल्या सारखेपणामुळे अदलाबदल झाली तर धोका खरा आहे.

म्हणून ड्रिप लावण्याआधी बाटलीवरचं पूर्ण नाव, ‘लायपोसोमल’ या शब्दासकट, सिस्टरबरोबर वाचा. औषध तुम्हालाच आणायला सांगितलं तर ते २ ते ८ अंशांत आणा, आणि बर्फाला चिकटून गोठू देऊ नका. गोठलं की कण फुटतात, आतलं औषध बाहेर येतं आणि तुम्ही पैसे मोजलेलं वेष्टण उरत नाही. हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, मिठाच्या सलाईनमध्ये नाही, आणि नळीत बारीक फिल्टर लावत नाहीत. द्रव लाल आणि किंचित दुधाळ दिसतो, पारदर्शक नाही. तो तसाच असायला हवा. सायकलींच्या मध्येच कंपनी बदलली तर डॉक्टरांना माहीत असू द्या. लायपोसोमची प्रत बनवणं साध्या गोळीइतकं सोपं नसतं. घरातल्या इतरांना या कणांची बाधा होईल का, अशी शंका असेल तर तसे ते हवेत उडत नाहीत. कुठल्याही केमोनंतर घेतो तीच काळजी घ्या, उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे, झाकण लावून दोनदा फ्लश, कपडे वेगळे धुणं.

असंच पत्र लिहू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. शिरेतून दिलं जाणारं लोह हेही नॅनोकणांचंच असतं. ते विरघळून शरीराच्या साठ्यात जातं, पण टोचल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबायचं, कारण तीव्र प्रतिक्रिया आली तर त्याच वेळात येते. त्यातलं फेरुमॉक्सिटॉल घेतलं असेल तर पुढचे तीन महिने एमआरआय काढताना आधी सांगा, चित्र बदलतं. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्यांना आधीच्या स्टेरॉइडची बहुधा गरज पडत नाही, मात्र नसांचा बधिरपणा साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा जास्त होऊ शकतो. बुरशीसाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्फोटेरिसिनमध्ये लायपोसोमल आणि साधं यांची अदलाबदल सर्वांत घातक. लायपोसोमलचा रोजचा डोस किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम असतो, साध्याचा दीडच्या वर कधीच जाऊ नये. त्या चुकीने हृदय बंद पडलेलं आहे. आणि न विरघळणाऱ्या धातूच्या कणांची कुठलीही चाचणी कुणी सुचवली तर सही करण्याआधी एकच विचारा: हे कण किती वर्षं राहतील आणि मला किती वर्षं तपासत राहणार?

ताई, होकार दिलात तर दोन-तीन सायकलींनंतर स्कॅन आणि सीए-१२५ (या कॅन्सरचा माग ठेवणारी रक्ततपासणी) बघून पुढे जायचं की थांबायचं ते ठरतं. ही तारीख आत्ताच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तेव्हा काय दिसलं तर औषध बदलायचं, हेही आईसमोरच विचारून ठेवा.